बसची सहावी खिडकी

शैला,

तुझी शोकसभा झाली. उशिरा सुरू झाली हे सांगायला नकोच. मंडळाचे अध्यक्ष शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. ते येईपर्यंत पडद्यावर तुझा फोटो लावून ठेवला होता, हळदीकुंकवाच्या दिवशीचा, ज्यात तू समोरच्याला "काढू नकोस ना रे" म्हणतेयस हे स्पष्ट दिसतं. पाऊण तास तू त्या हॉलभर लोकांना तेच सांगत होतीस. मग अध्यक्ष आले आणि त्यांनी तुला 'आखातात अखंड तेवणारी मराठी संस्कृतीची ज्योत' म्हटलं. शोकसभेत अखंड तेवणारी. माझं कोपर तुला ढोसायला आपोआप उजवीकडे गेलं, आणि उजवीकडच्या खुर्चीवर कोणीतरी पर्स ठेवली होती.

मला बोलायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. दरवर्षी स्मरणिका काढताना अशा दहाबारा ज्योती मी विझवतो, हे तुला माहीत आहेच. तूच एकदा म्हणाली होतीस, "संपादक, तुझ्यावर लिहायची वेळ आली की मी सगळी विशेषणं परत घालणार." तू आधी गेलीस. त्यामुळे आता हे मला लिहावं लागतंय, आणि विशेषणं एकही सुचत नाहीत.

बातमी भिंतीची आहे. प्रकाश तुझ्या अस्थी घेऊन गेला तो आता तुमच्या मुलीकडेच राहणार आहे. परत येऊन काय करू, म्हणाला. सामान गेलं. किल्ली माझ्याकडे देऊन गेला, कारण डिस्कव्हरी गार्डन्समध्ये समोरच्या इमारतीत राहणारा आणि रविवारी कुठेही न जाणारा माणूस मीच. सोमवारी फ्लॅट परत द्यायचा होता. रिकामा, झाडलेला आणि पांढरा. एजंटला मी फोन केला, भिंतीबद्दल काही सवलत मिळते का म्हणून. तो चांगला होता बिचारा, तुझं कळल्यावर हळहळलाही. मग म्हणाला, "व्हाइट, सर. ओन्ली व्हाइट."

म्हणजे आपल्या वादात मी जिंकलो.

वाद कुठे सुरू झाला ते आठवतं? त्या वर्षी शाळेच्या आंतरराष्ट्रीय दिनात ईराच्या वर्गाला मेक्सिको देश मिळाला होता. रविवारच्या तुझ्या चित्रांच्या क्लासला पाचही मुलं पुठ्ठे घेऊन आली. रुंद काठाच्या टोप्या करायच्या होत्या, आणि एक निवडुंग. तू पुठ्ठे बाजूला ठेवलेस आणि मला फोन केलास. "तुझ्याकडे मेक्सिकोच्या भिंतींवरच्या चित्रांचं ते जाडं पुस्तक आहे ना? घेऊन ये. एका आख्ख्या देशाची टोपी करायला निघालेत."

मी पुस्तक आणलं आणि न विचारता व्याख्यानही दिलं. क्रांती कशी झाली, नंतरच्या सरकारनं चित्रकारांना सरकारी इमारतींच्या भिंती कशा दिल्या, वाचता न येणाऱ्या माणसांना आपला इतिहास चालता चालता दिसावा म्हणून. पंधरा मिनिटं बोललो. अथर्व झोपला. तू त्याला उठवलं नाहीस. बाकीच्यांना एक पान उघडून दिलंस आणि विचारलंस, "हा माणूस काय करतोय?"

"कॅरीइंग समथिंग."

"काय?"

"कॉर्न, आय थिंक. मिस, ही इज सो टायर्ड."

"कशावरून?"

मग ईरा त्या माणसाच्या मानेकडे बघत राहिली. माझ्या पंधरा मिनिटांत जे झालं नाही ते त्या मानेनं केलं. मला तेव्हा राग आला होता. आज कबूल करतो.

पुढच्या रविवारी तू त्यांना विचारलंस, आपली अशी भिंत असती तर तिच्यावर कोण असतं? त्यांनी काढलं: उंच टॉवर, उंट, मॉल, पुन्हा टॉवर. "हा टॉवर कोणी बांधला?" तू विचारलंस. अथर्व जागा होता. ताबडतोब म्हणाला, "द कंपनी, मिस."

त्या उत्तरावर तू आठ दिवस अस्वस्थ होतीस. मग हॉलमधला सोफा सरकवलास आणि लांबच्या भिंतीवर खडूनं एक बस आखलीस. जबल अलीच्या रस्त्यावर रोज सकाळ-संध्याकाळ दिसते ती, कंपनीची, पांढरी, खिडकीला डोकं टेकवून झोपलेल्या माणसांची. नऊ खिडक्या. मी दारातच थांबलो.

"शैला, भाड्याची भिंत आहे."

"माहितीय."

"जाताना पांढरी करून द्यावी लागते. करारात लिहिलंय."

"मग जाताना करू."

"आणि मेक्सिको कशाला मध्ये? तू कधी गेलीस मेक्सिकोला? इथली मुलं, तिथला वारसा, आणि शिकवणारी डोंबिवलीची."

"तू तर वाचूनच दमलास," तू म्हणालीस. "त्या लोकांनी भिंतीला विचारलं, आपण कोण. ह्या पोरांना हा प्रश्न कोणी विचारलाय? शाळेत फ्लॅग धरायला देतात, घरी झेंडूच्या माळा. बाजूला हो, प्रकाश पडू दे."

मेक्सिकोतली भित्तिचित्रं ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर केलेली होती. रंग ओल्यात मुरतो आणि भिंतीचाच होतो. म्हणून एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा लावायचा, हे मी तुला पुस्तकातून वाचून दाखवलं, आणि तू नेमकं तेवढंच उचललंस. तुझी भिंत जिप्सम बोर्डाची होती, टकटक केलं की शेजारची बाई "येस?" म्हणायची. तिथे गिलावा कुठला. पण नियम तू ठेवलास. सकाळी खडूनं आजचा तुकडा आखायचा, आई न्यायला येईपर्यंत तो संपवायचा, आणि गेल्या रविवारी संपवलेल्याला आज हात लावायचा नाही. चुकलं तर चुकलं. त्यामुळे तिसऱ्या खिडकीतल्या नर्सची एक बाही निळी आणि एक हिरवट होती. ड्रायव्हरचा एक कान अथर्वनं काढला आणि दुसरा पुढच्या आठवड्यात मीरानं. दोघांचं कानाबद्दलचं मत वेगळं होतं.

चंदूला तूच आणलंस. फ्लॅटमध्ये राहायला आलात तेव्हा ज्यानं रंग दिला होता तो पेंटर, सावंतवाडीकडचा, जबल अलीच्या कामगार कॅम्पात आठ जणांत एक खोली. रविवारी सुट्टी. पहिल्या दिवशी तो सोफ्याच्या कडेवर बसला आणि पाय गालिच्याबाहेर ठेवून होता. मुलांनी त्याला प्रश्न विचारायचे होते. ईरानं वही उघडली आणि शाळेतल्यासारखं विचारलं, "अंकल, व्हॉट इज युअर हेरिटेज?"

चंदूनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "गावात तुम्ही काय करायचा, ते विचारतेय."

"गावाक? भात," तो म्हणाला. मग जरा थांबून, "आणि दशावतारात काम करी होतंय. रुक्मिणीचा."

मुलांना दोन्ही कळलं नाही. तू समजावलंस, देवळापुढे नाटक होतं, बायकांची कामं पुरुष करतात. अथर्व म्हणाला, "यू वेअर अ प्रिन्सेस?" चंदू लाजला. मग उठला, गालिच्यावर आला आणि नुसता डोक्यावरचा पदर सारखा केला. पदर नव्हताच. पण खोलीत एक बाई उभी होती. मला तेव्हा काहीतरी खोचक बोलायचं होतं, ते राहूनच गेलं.

दुसऱ्या खिडकीत चंदू आला. एका हातात रोलर, कपाळावर रुक्मिणीचं कुंकू. बसच्या चाकांखाली मका काढायचा ठरला होता, मेक्सिकोचा मान म्हणून. चंदूनं आठवण करून दिली, "बाई, आमच्यात भात." म्हणून अर्ध्या रस्त्याला मका आणि अर्ध्याला भात. हमरियाला फॅक्टरीत जाणारा ईराचा बाबा चौथ्या खिडकीत टाय लावून झोपला. आठ खिडक्या भरल्या. सहावी तू माझ्यासाठी ठेवली होतीस.

मी चेहरा काढायला समोर बसलो नाही. पहिल्यांदा म्हणालो, पाठ दुखते. मग म्हणालो, मला भिंतीवर चढवू नका, आधीच मंडळानं सगळ्यांना चढवून ठेवलंय. तू हसायचीस आणि पुन्हा विचारायचीस. अंग मात्र मुलांनी रंगवून टाकलं: शर्ट, खिशाला पेन, हातात उघडा पेपर. मानेच्या वर भिंत. मुलं मला "नो-हेड अंकल" म्हणायला लागली. मीरा एकदा जिन्यात भेटली आणि आईला म्हणाली, "ममा, धिस इज हिम. बट ही हॅज अ हेड."

आणखी एक नियम होता तुझा. बस भरली की सगळ्यांचा एकत्र फोटो. तोवर पूर्ण भिंतीचा फोटो नाही. मुलांनी तुकड्यांचे काढले, हातांचे, सांडलेल्या रंगाचे. पूर्ण भिंत, तिच्यापुढे मुलं, चंदू आणि मध्ये तू, असा फोटो काढायचा बाकी होता. तो माझ्यासाठी थांबला होता. मला हे माहीत होतं, शैला. मी त्याची गंमत करत होतो.

खरं कारण तुला सांगितलं नाही. तू ओळखलं असशील, पण तू बोलली नाहीस, आणि मी तर काय. सव्वीस वर्षं मी इथे आहे आणि सव्वीस वर्षं मी पुढच्या वर्षी परत जाणार आहे. घरात एकही खिळा ठोकलेला नाही. पुस्तकं खोक्यात राहतात, लागेल ते काढतो आणि परत ठेवतो. मी इथल्या सगळ्याला हसतो, मंडळाला, मॉलला, 'कर्मभूमी'वरच्या भाषणांना, कारण जो निघायच्या बेतात आहे त्याला हसायला परवानगी असते. त्या बसमध्ये माझा चेहरा आला असता, तर मीही बसमधला एक झालो असतो. चंदूला ते सहज जमलं. ईराच्या बाबाला तर झोपेत जमलं. मला भीती वाटली.

हॉस्पिटलमध्ये तू नळ्यांच्या मधून विचारलंस, "काय मग, कधी बसतोस?" मी म्हटलं, "तुला डिस्चार्ज मिळू दे, इन्शाल्ला, दुसऱ्या दिवशी बसतो." तू माझ्याकडे बघितलंस. मानेकडे बघत राहिलेल्या ईराकडे तू बघत होतीस, तसं. मग म्हणालीस, "पेपर सरळ धर तेव्हा. मुलांनी उलटा काढलाय." मी घरी येऊन प्रकाशकडून किल्ली घेतली आणि बघितलं. खरंच उलटा होता. हे तुला कळवायचं म्हणून सकाळी निघालो, तर प्रकाशचाच फोन आला.

तू गेल्यावर भिंतीसाठी बरीच हालचाल झाली. पालकांनी ग्रुप काढला. त्यात हात जोडलेली चित्रं आली, रडकी चित्रं आली. अध्यक्षांनी सुचवलं की भिंत कापून हॉलमध्ये बसवावी आणि अनावरण करावं. जिप्सम बोर्ड कापल्यावर शेजारच्या बाईचं काय, हे मी विचारलं. मग ठरलं की भिंतीचा मोठा फ्लेक्स करायचा, खाली प्रायोजकांची नावं. कोणीतरी विचारलं, पूर्ण भिंतीचा फोटो कोणाकडे आहे? ग्रुपवर सगळे शांत झाले. त्या दिवसापुरता मी त्या शांततेचा मालक होतो.

रविवारी मी चंदूला बोलावलं. दुसरा पेंटर मला माहीत नाही, आणि माहीत असता तरी बोलावला नसता. तो प्रायमरचा डबा, दोन रोलर, दोन बादल्या आणि जुनी चादर घेऊन आला. फ्लॅटचं कनेक्शन तोडलेलं होतं. एसी नाही, ऑगस्टचा दमटपणा आत येऊन बसलेला. सोफा नव्हता, गालिचा नव्हता. तरी चंदूनं चपला बाहेर काढल्या.

भिंतीसमोर तो बराच वेळ उभा राहिला. मग धंद्याचं बोलला. "नुसतो पांढरो मारून भागाचा नाय, साहेब. हो लाल वर येता. आधी प्रायमर, मग दोन हात." आणि स्वतःच्या कपाळावरच्या कुंकवाकडे बोट केलं. "ह्या तर तीन हात खातला."

तेवढ्यात ईरा आली. एकटीच, हातात रंगांची पिशवी. आई खाली गाडीत बसली होती. तिनं मला बघितलं, चंदूच्या हातातला रोलर बघितला आणि एवढंच म्हणाली, "सिक्स्थ विंडो इज एम्प्टी."

"ईरा, आज सगळंच पांढरं होणार आहे बाळा."

"आय नो."

"मग कशाला?"

हा माझाच प्रश्न होता, सगळ्या भिंतीला विचारलेला. मुलांनाही तो एकदा पडला होता. मेक्सिकोच्या चित्रकारांची काही भित्तिचित्रं ज्यांनी पैसे देऊन काढवून घेतली त्यांनीच नंतर पुसून टाकली, हे तू सांगितलंस तेव्हा ईरा चिडून म्हणाली होती, देन व्हाय पेंट? मी खुर्चीत सरसावून बसलो होतो, तू आता काय तत्त्वज्ञान सांगतेस ते ऐकायला. तू म्हणालीस, "आई साडेबाराला येईल. तोवर बाही संपव." आणि तिनं संपवली होती.

आता ती खडूनं सहाव्या खिडकीभोवती चौकट आखत होती. आजचा तुकडा. वर न बघता म्हणाली, "मॉम सेड ट्वेल्व्ह थर्टी."

चंदूनं प्रायमरचं झाकण परत दाबून बसवलं. "बसा, साहेब. माका काय घाई नाय."

मी त्याच्या उलट्या बादलीवर बसलो. पेपर नव्हता म्हणून प्रायमरच्या डब्याखालचा जुना पेपर घेतला आणि सरळ धरला.

"डोन्ट लाफ, अंकल."

"मी हसत नाहीये."

"यू आर. युअर माउथ इज डूइंग दॅट थिंग."

"ती त्यांची नेहमीची जिवणी," चंदू म्हणाला.

दीड तास बसलो. घाम डोळ्यांत गेला, पुसायची परवानगी नव्हती. तू असतीस तर काय म्हणाली असतीस याचा विचार करत होतो आणि माझ्या लक्षात आलं की तू काहीच म्हणाली नसतीस. तू ब्रश धुवत असतीस. बारा पंचवीसला खालून हॉर्न वाजला आणि ईराच्या फोनवर आईचा आवाज आला, "यल्ला ईरा, चल." ती दोन पावलं मागे सरली. मी उठून बघितलं. नाक मोठं झालंय. डोळ्यांखाली तिनं जे काढलंय ते मला आवडलं नाही, पण ते आहे. मान त्या कणसं वाहणाऱ्या माणसासारखी काढलीय. संपलेल्याला हात लावायचा नाही.

मग तिनं फोन खिडकीच्या कठड्यावर टेकवला, टायमर लावला आणि आम्हा दोघांना भिंतीसमोर उभं केलं. चंदू आणि ती कडेला, मी दुसऱ्या कडेला. मध्ये तिनं जागा सोडली. कोणी सांगितलं नव्हतं. त्या जागेतून मागची सहावी खिडकी पूर्ण दिसते. अथर्व आणि मीरा सुट्टीवर इंडियात आहेत, ती त्यांना पाठवणार आहे. फ्लेक्ससाठी देणार का, मी विचारलं. "नो वे," ती म्हणाली आणि गेली.

तो फोटो तुझ्याशिवाय झाला. माझ्यामुळे. हे मला कोणी म्हटलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

चंदूनं सुरुवात स्वतःपासून केली. आधी कुंकू, मग रोलर धरलेला हात. मग तो डावीकडून उजवीकडे सरळ सरकत गेला, मका गेला, भात गेला, वेगळ्या बाह्यांची नर्स गेली, ईराचा बाबा झोपेतच गेला. मला वाटलं होतं मी बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहीन. गेलो नाही. तीन वाजेपर्यंत भिंत पांढरी झाली, फक्त मध्ये एक चौकट सोडून.

"ही का राहिली?"

"पोरीन रंग दाट लावल्यान," चंदू म्हणाला. "वर प्रायमर बसाचो नाय. सुकाक व्हया."

मी खाली जाऊन दोन चहा आणतो म्हटलं, तर तो म्हणाला तुम्ही बसा, बसलात तसे. चहा घेऊन आला. बादल्या उलट्या टाकून आम्ही दोघं त्या चौकटीसमोर बसलो. एवढ्या पांढऱ्यात मी एकटाच, हातात उलटा पेपर. सव्वीस वर्षं निघायच्या बेतात असलेला माणूस भिंतीवर सगळ्यांच्या मागे राहिला होता.

थोड्या वेळानं चंदूनं उठून गालाला बोट लावलं आणि बोट मला दाखवलं.

"अजून ओलो आसा."

"असू दे," मी म्हटलं. "मला घाई नाही."